शेवाळ पॅकेजमध्ये धरलेलं आहे

मेक्सिकोतलं कॅनकून एका बँकेने शोधून काढलं. कोलंबसाने नाही, कुठल्या भटक्या प्रवाशाने नाही, बँकेने. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतल्या मंडळींनी परकीय चलन कुठून आणता येईल याचा हिशोब मांडला, देशभरचे किनारे तपासले आणि कॅरिबियन समुद्रालगतच्या, जवळजवळ निर्मनुष्य अशा वाळूच्या एका पट्टीवर बोट ठेवलं. १९७० मध्ये काम सुरू झालं, १९७४ मध्ये पहिली हॉटेलं उघडली. आज तिथे हॉटेलांची रांग इतकी लांबलचक आहे की समुद्र बघायचा तर आधी खोली घ्यावी. बँकेचा हिशोब चोख निघाला. फक्त त्या तक्त्यात शेवाळाचा रकाना नव्हता.

तो रकाना २०११ पासून भरायला लागला. सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ त्या वर्षी कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांना ढिगाने येऊन लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, एखादं वर्ष असतं असं. मग २०१३ चा अपवाद सोडला तर ते दर वर्षी येत राहिलं. साधारण मार्च-एप्रिलमध्ये उतरायचं आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकायचा, असा त्याचा शिरस्ता. आगाऊ बुकिंग नाही, ओळखपत्र नाही, आणि जाताना बिल भरायची तर पद्धतच नाही. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांतून मुलांच्या सुट्टीत चार दिवस कॅनकूनला जाऊन येणाऱ्यांना हा पाहुणा भेटलेला असणार. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सहलीचे फोटो येतात, त्यांत पोहण्याचा तलाव असतो, टॅको असतात, छत्री लावलेले रंगीत पेले असतात आणि समुद्राचा एकही फोटो नसतो. ओळखावं.

हे शेवाळ समुद्राच्या तळाला चिकटून वाढत नाही. मिरीच्या दाण्याएवढ्या हवेच्या फुग्यांवर ते आयुष्यभर तरंगतं आणि तरंगता तरंगताच वाढतं. किनाऱ्याला लागलं की गुडघाभर उंचीचे ढीग होतात, उथळ पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं दिसायला लागतं आणि एक-दोन दिवसांत माल कुजायला लागतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया बाहेर पडतो. सडक्या अंड्यांचा वास ज्याला म्हणतात तो यातल्या सल्फाइडचाच. आता विचार करा, ‘समुद्राकडे तोंड असलेली खोली’ म्हणून तुम्ही जास्तीचे पैसे मोजले आहेत.

यावर हॉटेलवाल्यांनी काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे. पाहुण्यांनी डोळे उघडायच्या आत, पहाटेच्या अंधारात, दाताळी आणि हातगाड्या घेऊन माणसं किनाऱ्यावर उतरतात. यातले बरेच जण चियापाससारख्या गरीब राज्यांतून पोटासाठी आलेले. नाश्त्याला पाहुणे येईपर्यंत वाळू विंचरून झालेली असते. दुपारपर्यंत समुद्र पुन्हा तेवढाच माल आणून टाकतो, मग पुन्हा दाताळी. हॉटेलच्या संकेतस्थळावरच्या फोटोत मात्र अजून २०१० साल चालू आहे. पाणी निळं, वाळू पांढरी, जोडपं हसरं.

फोटोवर विश्वास ठेवायचा नाही हे पर्यटक आता शिकलेत. किनारपट्टीवर शेवाळाचा सिग्नल असतो. कॅनकून ज्यात येतं त्या क्विंताना रू राज्यातली एक निरीक्षण संघटना नकाशा काढते, त्यावर एकेका किनाऱ्याला हिरव्यापासून लालपर्यंत रंग दिलेला असतो. लोक सकाळी उठून हवामान बघत नाहीत, हा नकाशा बघतात. हिरवा असेल तर टॉवेल, लाल असेल तर बस. बस कुठे जाते? जंगलातल्या सेनोटेंकडे. कॅनकून ज्यावर वसलंय त्या युकातान द्वीपकल्पाचा सगळा भूभाग चुनखडीचा. तिथे जमिनीवरून नद्या वाहत नाहीत, पाणी सगळं जमिनीखाली, आणि छत कोसळून जिथे ते उघडं पडतं त्या नितळ विहिरी म्हणजे सेनोटे. शेवाळाच्या दिवसांत पर्यटकांची सोय म्हणून हॉटेलं तिकडे सहली काढतात.

आता पुढचा प्रश्न. हातगाड्यांतून आणि ट्रकांतून उचललेलं ते शेवाळ कुठे जातं? तेही जंगलात. खड्डे काढून, मोकळ्या जागा बघून ते टाकलं गेलं. या शेवाळात आर्सेनिक असतं. मेक्सिकन किनाऱ्यावरच्या बहुतेक नमुन्यांत ते जनावरांच्या चाऱ्यासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं आहे. चुनखडीत पाणी झिरपायला वेळ लागत नाही, तेव्हा ढिगाऱ्यातून गळणारा हा रस भूजलात उतरेल अशी तिथल्या संशोधकांची भीती आहे. म्हणजे पर्यटकाने शेवाळाकडे पाठ फिरवून जंगल गाठावं आणि शेवाळाने त्याच्या मागोमाग दुसऱ्या ट्रकने यावं. पाहुणचार म्हणतात तो यालाच.

वाळूचीही गंमत आहे. २००५ मध्ये विल्मा नावाच्या चक्रीवादळाने कॅनकूनचा किनारा खरवडून नेला. त्यानंतर सरकारने समुद्रतळाची वाळू उपसून दोनदा तो किनारा पुन्हा भरला. आता शेवाळ उचलायला यंत्रं उतरवली की शेवाळाबरोबर वाळूही भरून जाते. विकतची वाळू, विकतच्या डिझेलवर, फुकटच्या शेवाळाबरोबर. (आपल्याकडच्या रेतीवाल्यांना हे धोरण कुणी कळवू नका.)

राज्यकर्ते काय म्हणाले? २०१९ मध्ये मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी हे काही फार गंभीर प्रकरण नाही असं सांगितलं आणि ते नौदलाच्या हवाली केलं. गंभीर नसलेली प्रकरणं तिथे नौदल बघतं. नौदलाने शेवाळ गोळा करणारं खास जहाज बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘नातान्स’. हे त्या शेवाळाच्याच एका जातीचं शास्त्रीय नाव. आपल्या एखाद्या महापालिकेने धूरफवारणीच्या गाडीचं नाव मलेरियाच्या डासावरून ‘ॲनाफिलीस’ ठेवण्यासारखं. पुढे २०२५ मध्ये सरकारने या शेवाळाची नोंद मासेमारीच्या साधनसंपत्तीत केली, म्हणजे ते खोल पाण्यातच रीतसर पकडता यावं. चौदा वर्षांत उपद्रवी कचरा ते राष्ट्रीय संपत्ती, एवढी बढती आपल्याकडे फक्त पक्षांतर केलेल्यांना मिळते.

बरं, हे शेवाळ जन्मतः वाईट चालीचं आहे का? अजिबात नाही. उत्तर अटलांटिकमधला सारगासो समुद्र हा याचा मूळ मुलूख. चारी बाजूंनी किनारा नसलेला, फक्त प्रवाहांनी वेढलेला समुद्र. १४९२ मध्ये कोलंबसाच्या खलाशांना तो लागला होता. समुद्री कासवांची पिल्लं या तरंगत्या गालिच्यात लपून वाढतात, युरोप आणि अमेरिकेतल्या नद्यांमधले ईल मासे अंडी घालायला याच समुद्रात येतात. म्हणून मार्च २०१४ मध्ये बर्म्युडात अमेरिका, ब्रिटन, मोनॅको, ॲझोर्स आणि बर्म्युडा यांनी सारगासो समुद्राच्या संरक्षणाचा जाहीरनामा केला. भाषणं झाली, सह्या झाल्या. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, टोबॅगोच्या विधिमंडळाने याच शेवाळाला नैसर्गिक आपत्ती म्हणून घोषित केलं. २०१८ मध्ये बार्बाडोसने राष्ट्रीय आणीबाणी लावली. खोल समुद्रात असताना वारसा, किनाऱ्याला लागलं की अतिक्रमण. फेरीवाल्यांनाही हा अनुभव आहे.

मग ते २०११ मध्येच का आलं? शास्त्रज्ञांनी लावलेला माग असा. २००९-१० च्या हिवाळ्यात अटलांटिकवरचे वारे नेहमीची शिस्त सोडून वाहिले आणि त्यांनी सारगासो समुद्रातलं बरंचसं शेवाळ दक्षिणेकडे, विषुववृत्ताजवळच्या पाण्यात ढकललं. तिथे ऊन भरपूर आणि खाणंही भरपूर. पाहुण्याला घर आवडलं, तो राहिला. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले चुआनमिन हू आणि त्यांचे सहकारी उपग्रहांच्या चित्रांवरून त्याचा पाठलाग करतात. २०१९ मध्ये त्यांनी जगाला सांगितलं की पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत शेवाळाचा एक सलग पट्टा तयार होतोय. जून २०१८ मध्ये तो ८,८५० किलोमीटर लांब होता आणि त्याचं वजन २ कोटी टनांच्या वर होतं. मे २०२५ मध्ये हे वजन ३ कोटी ७५ लाख टनांवर गेलं.

एवढं खाणं येतं कुठून? इथून सभा सुरू होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जंगल तोडून शेती वाढली, खतं वाढली, ती नदीतून समुद्रात येतात, असं एक बाकडं म्हणतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तळाचं पाणी वर येतं, त्यातून पोषण मिळतं, असं दुसरं. सहाराची धूळ लोह आणते, असं तिसरं. एका अभ्यासात १९८० च्या दशकातल्या आणि २०१० नंतरच्या शेवाळाच्या नमुन्यांची तुलना झाली, तेव्हा त्यातलं नत्राचं प्रमाण ३५ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. कुणाचं पारडं किती जड हा वाद शास्त्रज्ञांमध्ये चालू आहे आणि तो प्रामाणिक आहे. पण असा वाद राजकारण्यांना किती गोड लागतो ते बघा. ब्राझील म्हणणार, आमची नदी एकटी थोडीच आहे. खतवाले म्हणणार, आधी वाऱ्याला विचारा. वारा कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. तोवर दाताळ्यांची खरेदी चालू.

अमेरिकन वृत्तवाहिन्यांनी २०२३ च्या मार्चमध्ये वेगळीच बहार उडवून दिली. फ्लोरिडाच्या दिशेने अवाढव्य ‘ब्लॉब’ सरकतोय, अशी भयपटासारखी जाहिरात झाली. सुट्ट्या रद्द करायच्या का यावर तज्ज्ञ बसले. उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातातलं शेवाळ अनपेक्षितपणे घटलं. ती बातमी कुणी तेवढ्या मोठ्या अक्षरात छापली नाही. न आलेल्या राक्षसाला कोण टीआरपी देणार?

पर्यटकाचं एक बरं असतं, त्याच्याकडे परतीचं तिकीट असतं. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही कॅरिबियनमधली फ्रेंच बेटं. तिथल्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांना परत जायला दुसरं घर नाही. कुजत्या शेवाळाच्या वायूने घरातले फ्रीज, टीव्ही, वातानुकूलन यंत्रं गंजून बंद पडतात. २०१८ मध्ये आठ महिन्यांत या दोन बेटांवरच्या डॉक्टरांनी वायूबाधेच्या सुमारे ११,००० रुग्णांची नोंद केली. डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांची आग, धाप. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. या बातम्या पर्यटनाच्या पुरवणीत येत नाहीत. तिथे ‘शेवाळ टाळून कॅरिबियन कसं पाहाल’ हे येतं. (उत्तर हवंच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा, किंवा कोझुमेल बेटाच्या पश्चिमेची बाजू धरा. झालं समाधान?)

यातून पैसा करणारेही निघाले, निघायचेच. कॅनकूनजवळच्या पुएर्तो मोरेलोसच्या ओमार बास्केस या माळ्याने शेवाळ मिसळून विटा पाडल्या, २०१८ मध्ये त्याच विटांचं घर उभं केलं आणि त्याला आईचं नाव दिलं. माणूस कौतुकाचा आहे यात शंका नाही. पण पावणेचार कोटी टनांच्या विटा पाडायच्या म्हटलं तर सगळ्या कॅरिबियनला तटबंदी होईल, आणि मग समुद्र दिसायचा प्रश्नच मिटेल. तिकडे हे चाललेलं असताना आपल्या केंद्र सरकारने २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत समुद्री शेवाळाच्या शेतीसाठी ६४० कोटी रुपये ठेवले. जात वेगळी आहे, हेतू वेगळा आहे, सगळं मान्य. तरीही शेवाळासाठी पैसे देणारं सरकार आणि शेवाळासाठी नौदल धाडणारं सरकार यांची एकदा चहावर गाठ घालून द्यायला हरकत नाही.

सरकारने मनावर घेतलं तर किनारा साफ होतो, याचा पुरावा चीनमध्ये आहे. २००८ च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती छिंगदावला होत्या. उद्घाटनाला जेमतेम महिना-दीड महिना उरलेला असताना शर्यतीच्या पाण्यावर हिरवंगार शेवाळ पसरलं. दहा हजारांहून अधिक माणसं, त्यात सैनिकही, आणि हजारावर बोटी कामाला लागल्या. दहा लाख टनांहून अधिक शेवाळ उपसलं गेलं, शर्यती वेळेवर झाल्या, पदकं वाटली गेली, जगाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी शेवाळ पुन्हा आलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात येतंय. माग काढला तर मूळ निघालं दक्षिणेला, जिआंगसूच्या किनाऱ्यावर. सुशीला गुंडाळतात ती काळी पापुद्र्यासारखी नोरी तिथे तराफ्यांवर पिकवतात. नोरी काढल्यावर दोरांवरचं हिरवं शेवाळ खरवडून पाण्यात सोडून दिलं जायचं. ते वाढत वाढत उत्तरेला छिंगदाव गाठतं. एका शेवाळाची शेती आणि दुसऱ्या शेवाळाची साथ. या शोधाच्या सुरुवातीच्या कामातही चुआनमिन हू होतेच. माणसाच्या नशिबी शेवाळ असलं की असं.

पण छिंगदावच्या लोकांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्यांनी शेवाळालाच सहलीचं ठिकाण केलं. पोरंबाळं हिरव्या पाण्यात लोळतात, एकमेकांच्या डोक्यावर शेवाळाचे टोप घालतात, मोठी माणसं गळ्याएवढ्या हिरव्या चिखलात उभी राहून फोटो काढून घेतात. कॅनकूनच्या हॉटेलवाल्याने हे पाहिलं तर त्याला झटका येईल. खरं म्हणजे त्याने जाहिरात विभागाचा एक माणूस तिथे शिकायला पाठवायला हवा.

आता फ्रान्स. इथे माझा सूर थोडा बदलेल, कारण इथे वाऱ्यावर ढकलायची सोय नाही.

ब्रिटनी हा फ्रान्सचा वायव्य कोपरा. फ्रेंच चित्रकथेतल्या ॲस्टरिक्सचं गाव याच भागातलं. १९७० च्या दशकापासून तिथल्या काही उपसागरांत, विशेषतः सॅं-ब्रियोच्या किनाऱ्यावर, दर उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाचे थर साचतात. कारण शोधायला उपग्रह लागत नाही, नाक पुरतं. फ्रान्समधली निम्म्याहून अधिक डुकरं या एका प्रांतात पाळली जातात, शिवाय कोंबड्या आणि गाई. त्यांची विष्ठा शेतात, शेतातलं नायट्रेट ओढ्यात, ओढा उथळ उपसागरात, आणि शेवाळाची दिवाळी. हे शास्त्रज्ञांनी सांगून कित्येक दशकं झाली. पण एका हाताला मांसउद्योग आणि दुसऱ्या हाताला पर्यटन, असे दोन्ही जावई एकाच घरात असले की घरातला म्हातारा बोलत नाही. मांसवाल्यांना कारण ऐकायचं नव्हतं आणि पर्यटनवाल्यांना परिणाम.

कुजत्या शेवाळावर वरून कोरडी खपली धरते आणि हायड्रोजन सल्फाइड वायू खाली साठून राहतो. पाय पडला, खपली फुटली की तो एकदम बाहेर. या वायूचा एक गुण लक्षात ठेवा: थोडा असला की वास येतो, फार असला की तो नाकाची शक्तीच मारतो आणि वास येणं बंद होतं. पर्यटन खात्याला याहून सोयीचा वायू मागून मिळाला नसता. जुलै २००९ मध्ये सॅं-मिशेल-आं-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर एक घोडेस्वार घोड्यासह शेवाळात रुतला. घोडा जागच्या जागी मेला, स्वार बेशुद्ध पडला आणि लोकांनी बाहेर ओढला म्हणून वाचला. त्याच महिन्यात शेवाळ वाहून नेणारा एक ट्रकचालक मरण पावला. मेलेल्या माणसावर फारशी चर्चा झाली नाही. मेलेल्या घोड्यावर मात्र देश हादरला आणि पंतप्रधान फ्रान्स्वा फिय्यों किनारा बघायला आले. २०११ मध्ये तिथल्याच एका नदीच्या मुखाशी ३६ रानडुकरं मरून पडली. ॲस्टरिक्सचा रानडुकरांवर ताव मारणारा दोस्त ओबेलिक्स, त्याच्या मुलुखात ३६ रानडुकरं, आणि एकही त्याच्या पोटात गेलं नाही!

त्याच मुखाशी सप्टेंबर २०१६ मध्ये रोजच्यासारखा पळायला गेलेला एक माणूस मेला. त्याच्या कुटुंबाने सरकारवर दावा लावला. पत्रकार इनेस लेरो यांनी या सगळ्या दडपादडपीवर २०१९ मध्ये चित्रकथा लिहिली, २०२३ मध्ये तिच्यावर सिनेमा आला, आणि जून २०२५ मध्ये नांतच्या अपील न्यायालयाने निकाल दिला: नायट्रेटबद्दलचे कायदे सरकारने नीट राबवले नाहीत, सबब या मृत्यूला सरकार ६० टक्के जबाबदार. उरलेले ४० टक्के? धोका असलेल्या जागी तो पळायला गेला, म्हणून ते मृताच्या खात्यावर. डुकरांच्या खात्यावर काही टक्के टाकले का ते मी निकालात शोधलं, नाहीत.

कॅनकून, छिंगदाव, ब्रिटनी, तिन्हीकडे एक गोष्ट सारखी. किनारा झाडायला पैसा लगेच मंजूर होतो, कारण झाडलेल्या किनाऱ्याचा फोटो काढता येतो. ओढ्यातलं नायट्रेट कमी झालं तर त्याचा फोटो कसा काढणार? मंत्र्याने परीक्षानळी हातात धरून हसायचं का? शेवाळाला या सगळ्यांनी जाहिरातीवर पडलेला डाग मानलं, आणि डाग धुवायचा असतो, त्याची चौकशी करायची नसते.

आपण याबाबतीत सगळ्यांच्या पुढे आहोत. आपला डाग चमकतो. गेल्या काही हिवाळ्यांत जुहू, रत्नागिरी, देवगड असं ठिकठिकाणी रात्री लाटा निळ्या उजळल्या. २०२० च्या हिवाळ्यात तर टाळेबंदीला कंटाळलेली जनता गाड्या काढून धावली, आणि ‘आमच्याकडे निळा समुद्र पाहा’ असे संदेश फिरायला लागले. हा चमकणारा जीव बहुतेकदा नॉक्टिल्युका. तो शेवाळ नव्हे, एकपेशीय प्राणी म्हणा हवं तर. पण अरबी समुद्राच्या उत्तर भागात त्याचा जो हिरवा अवतार माजलाय, तो पोटात जिवंत हिरवं शेवाळ बाळगून जगतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून पुढे अमेरिकेत गेलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स हे दांपत्य दोन दशकं त्याच्या मागावर आहे. पूर्वी हिवाळ्यात जिथे डायॅटम हे सूक्ष्म जीव असायचे तिथे आता हा असतो, आणि प्राणवायू कमी झालेलं पाणी त्याला मानवतं, असं त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. डायॅटमवर माशांपर्यंतची सगळी साखळी जगते. नॉक्टिल्युका खाणारे कोण, तर जेलीफिश आणि तसलेच लिबलिबीत जीव, ज्यांना ना बाजारात भाव ना ताटात जागा.

कॅनकूनवाले वास येतो म्हणून ओरडतात तरी. आपल्याकडे वास नाही, उजेड आहे, त्यामुळे तक्रार करणार कोण? येत्या हिवाळ्यात देवगड-मालवणकडे निळ्या लाटा बघायला जाणार असाल तर जरूर जा, रीळ काढा, पोरांना दाखवा. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावात सुरमईचा भाव ऐकून कोळणीशी घासाघीस करू नका.